बखर आणि कीर्द : मुक्त सॉफ्टवेअरच्या देणग्यांचा हिशेब कसा वाचावा

आजचा थ्रेड गडकोटांचा किंवा लढायांचा नाही. काळ अगदी अलीकडचा आहे, बहुतांशी २००२ ते २०२२ या वीस वर्षांतला. साधने मोडीत नाहीत; कोणत्याही दप्तरखान्यात अर्ज न करता ती कोणालाही वाचता येतात. तरी वाचणारे फार थोडे. विषय असा की, मुक्त किंवा ओपन सोर्स सॉफ्टवेअर ज्या ना-नफा संस्थांच्या आश्रयाने चालते, त्या संस्था देणगीच्या पैशाचे काय करतात आणि त्याचा हिशेब लोकांपुढे कसा मांडतात.

विषय कोरडा वाटेल. पण तुम्ही बँकेच्या संकेतस्थळावर पासवर्ड टाकता तेव्हा तो वाटेत कोणाला वाचता येऊ नये यासाठी जी यंत्रणा काम करते, तिचा मोठा भाग अशाच फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर उभा आहे. ते सॉफ्टवेअर कोणीतरी लिहितो, दुरुस्त करतो, आणि त्या माणसालाही घरभाडे द्यावे लागते. ते कोण देते, हा प्रश्न म्हणून कोरडा राहत नाही.

माझे मत आधीच सांगून टाकते. या क्षेत्रातली जी ठळक प्रकरणे मी वाचली, त्यांत नुकसान कोणी पैसे खाल्ल्यामुळे झालेले दिसत नाही. ते झाले हिशेब ठेवणाऱ्याला आणि देखभाल करणाऱ्याला पैसे द्यायचे कोणाच्या मनात न आल्यामुळे. आणि याचा दोष जितका संस्थांचा, तितकाच आपल्यासारख्या देणगीदारांच्या वाचनाच्या सवयीचा आहे.

ती सवय कोणती हे सांगण्यासाठी आपल्या घरातलेच एक उदाहरण घेते. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. त्याच्या प्रस्तावनेत वि. का. राजवाडे यांनी बखरींची कठोर झडती घेतली आणि अस्सल कागदाला मान दिला. बखर खोटीच असते असे नाही. तिला नायक लागतो, शत्रू लागतो, निर्णायक दिवस लागतो. कीर्दीला यांतले काहीच लागत नाही. अमुक मितीस अमुक जमा, अमुक खर्च, बाकी शिल्लक. लिहिणाऱ्या कारकुनाला आपण इतिहास लिहितो आहोत याची कल्पनाही नसते, म्हणून तर आपण त्याच्यावर अधिक विश्वास ठेवतो.

देणगीचे आवाहन ही बखर आहे. संस्थेचा वार्षिक हिशेब ही कीर्द. देणगीदार बहुधा पहिली वाचून पैसे देतो आणि दुसरी कधीच उघडत नाही.

मुक्त सॉफ्टवेअरच्या बखरीत तीन प्रकारचे प्रसंग हमखास यशस्वी होतात. पहिला खरेदीचा. २००२ साली ब्लेंडर हे त्रिमिती चित्रणाचे सॉफ्टवेअर बनवणारी डच कंपनी बुडाली. एक लाख युरो दिल्यास त्याची मूळ संहिता मुक्त करू, असे हक्क धारण करणाऱ्यांनी मान्य केले. टोन रोझेंडाल यांनी आवाहन केले आणि सात आठवड्यांत ती रक्कम उभी राहिली. ऑक्टोबर २००२ मध्ये संहिता खुली झाली.

दुसरा प्रसंग युद्धाचा. ग्नोम हे लिनक्सवरचे एक प्रमुख डेस्कटॉप. नोव्हेंबर २०१४ मध्ये ग्रुपॉन या कंपनीने त्याच नावाने व्यापारचिन्हाचे अर्ज केले आहेत, असे ग्नोम फाउंडेशनने जाहीर केले आणि कायदेशीर लढाईसाठी ८०,००० डॉलर मागितले. एका दिवसात वातावरण इतके तापले की कंपनीने माघार घेतली. मागितलेल्या रकमेपेक्षा अधिक पैसे जमले होते.

तिसरा प्रसंग सुटकेचा. जीएनयूपीजी हे ईमेल आणि फायली गुप्त राखणारे सॉफ्टवेअर १९९७ पासून वेर्नर कोख हा जर्मन प्रोग्रॅमर जवळजवळ एकट्याने सांभाळत होता. त्याची आर्थिक ओढाताण फेब्रुवारी २०१५ मध्ये एका अमेरिकी वृत्तसंस्थेने छापली, आणि त्याच दिवशी चक्रे फिरली. फेसबुक आणि स्ट्राइप यांनी वर्षाला प्रत्येकी ५०,००० डॉलर देऊ केले, सामान्य लोकांच्या देणग्यांचा ओघ लागला.

तिन्ही आवाहने खरी होती आणि तिन्ही वेळा पैसे देणाऱ्यांनी चांगलेच केले. मला खटकते ते एवढेच की, खरेदी एकदा होते, युद्ध एक दिवस चालते, सुटका एका बातमीने होते. आणि ज्या कामासाठी पैसे सगळ्यांत जास्त काळ लागतात, ती रोजची देखभाल, तिला ना नायक असतो ना शत्रू. तिची बखर होत नाही.

आता कीर्दीकडे येऊ. यांतल्या बऱ्याच संस्था अमेरिकेत नोंदलेल्या आहेत. तिथल्या प्राप्तिकर कायद्याचे ५०१(सी)(३) हे कलम सार्वजनिक हिताच्या संस्थांना करमाफी देते. त्याच्या बदल्यात संस्थेने दरवर्षी 'फॉर्म ९९०' हे विवरणपत्र भरायचे असते. लहान संस्थांना त्याची संक्षिप्त रूपे चालतात. वार्षिक जमा साधारण ५०,००० डॉलरच्या आत असेल तर पोस्टकार्डाएवढी माहिती पुरते. मोठ्या संस्थेला मात्र सविस्तर भरावे लागते, आणि महत्त्वाचे म्हणजे ते लोकांना दाखवावे लागते.

या विवरणपत्रात संचालक आणि प्रमुख अधिकाऱ्यांचे वेतन नावानिशी येते. खर्चाचा तक्ता तीन रकान्यांत विभागलेला असतो : मूळ कार्यावरचा खर्च, व्यवस्थापनाचा खर्च, आणि निधी उभारण्यासाठी केलेला खर्च. भाडे, प्रवास, पगार, वकील, प्रत्येक बाब या तिन्हींत वाटून दाखवायची. पेशवाईतल्या घडणीच्या कागदाला जी शिस्त होती तिचीच ही दूरची भावंडे म्हणायला हरकत नाही.

इथेच ती सवय आडवी येते. ज्यांना विवरणपत्र असते हे ठाऊक आहे, असे थोडके लोकही एकच गोष्ट पाहतात : मधला रकाना. व्यवस्थापनावर किती टक्के गेले? कमी असतील तर संस्था प्रामाणिक, जास्त असतील तर उधळी. मला ही कसोटी चुकीची वाटते. २०१४ च्या एप्रिल-मे या दोन महिन्यांत तीन घटना घडल्या. त्या एकत्र ठेवून पाहिल्या की कारण दिसते.

पहिली घटना सर्वांना माहीत आहे. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएलमधला 'हार्टब्लीड' हा दोष जाहीर झाला. वेबवरचे दळणवळण गुप्त राखणाऱ्या यंत्रणेचा हा पाया. त्यात एक तपासणी राहून गेली होती, आणि त्यामुळे कोणीही दूरवरून सर्व्हरच्या स्मृतीतले तुकडे वाचू शकत होता. त्या तुकड्यांत पासवर्ड असू शकत होते, गुप्त किल्ल्या असू शकत होत्या. चूक २०११ च्या शेवटच्या दिवशी संहितेत शिरली होती आणि मार्च २०१२ च्या आवृत्तीबरोबर जगभर गेली. दोन वर्षे कोणाच्या लक्षात आली नाही.

पुढच्याच आठवड्यात ओपनएसएसएलच्या मागे असलेल्या संस्थेचे अध्यक्ष स्टीव्ह मार्क्वेस यांनी जमाखर्च उघड केला. देणग्या वर्षाला साधारण २,००० डॉलर. बाकीचे उत्पन्न कंपन्यांना दिलेल्या कंत्राटी सेवेचे, आणि तेही कधी दहा लाख डॉलरच्या वर गेलेले नाही. संपूर्ण वेळ याच कामाला देणारा माणूस एक.

ही नोंद मला त्या काळच्या कोणत्याही अग्रलेखापेक्षा बोलकी वाटते. हा हिशेब जर कोणी 'व्यवस्थापन खर्च किती' या कसोटीवर तपासला असता, तर ओपनएसएसएल जगातली सर्वांत काटकसरी संस्था ठरली असती. उधळपट्टी नाही, कार्यालय नाही, मोठे पगार नाहीत. आणि एका निसटलेल्या तपासणीकडे दुसऱ्यांदा पाहायला माणूसही नाही.

दोष जाहीर झाल्यावर आठवडाभरात सुमारे २०० जणांनी मिळून ९,००० डॉलरच्या आसपास पाठवले. बहुतेक रकमा पाच-दहा डॉलरच्या, जगभरातून आलेल्या. मार्क्वेस यांनी या देणगीदारांचे आभार मानले आणि स्पष्टही केले की अशा देणग्यांवर हे काम चालणार नाही. किमान सहा माणसे पूर्णवेळ लागतील, आणि त्यांचा खर्च हे सॉफ्टवेअर वापरून व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांनी व सरकारांनी उचलला पाहिजे. २४ एप्रिलला लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांचा एक निधी जाहीर केला. प्रत्येकीने तीन वर्षे, वर्षाला किमान एक लाख डॉलर द्यायचे. त्यातून ओपनएसएसएलला पूर्णवेळ माणसे मिळाली.

(जाता जाता एक बारकावा. लिनक्स फाउंडेशन ५०१(सी)(३) नाही, ५०१(सी)(६) आहे. म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे, व्यापारी संघ. नावात 'फाउंडेशन' असल्याने अनेकांची गल्लत होते. धर्मादाय संस्थेने जनतेचे हित पाहायचे, व्यापारी संघाने सभासदांच्या व्यवसायाचे. दोन्ही गोष्टी अनेकदा एकाच दिशेने जातात. नेहमी जातीलच असे नाही.)

दुसरी घटना त्याच एप्रिलातली, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी ही अधिक रसाळ आहे, कारण हिच्यात अफवा आणि कागद समोरासमोर उभे राहतात. ग्नोम फाउंडेशनने जाहीर केले की हातातली शिल्लक कमी झाल्याने अत्यावश्यक नसलेला सर्व खर्च थांबवत आहोत.

ग्नोम त्या काळी एक उपक्रम चालवत असे : मुक्त सॉफ्टवेअरमध्ये स्त्रियांचा सहभाग वाढावा म्हणून त्यांना काही महिन्यांचे विद्यावेतन देऊन अनुभवी प्रोग्रॅमरच्या हाताखाली काम शिकवायचे. बातमी फुटताच इंटरनेटवर कथा तयार झाली : स्त्रियांच्या कार्यक्रमावर पैसे उधळले, ग्नोमचे दिवाळे निघाले. नायक, शत्रू, निर्णायक दिवस, सगळे साहित्य तयार होते. ही बखर आजही अधूनमधून कोणीतरी सांगताना दिसते.

संचालक मंडळाने जे स्पष्टीकरण प्रसिद्ध केले त्यातून वेगळे चित्र दिसते. विद्यावेतनाचा पैसा ग्नोमच्या सर्वसाधारण देणग्यांतला नव्हताच. तो प्रायोजक कंपन्या आणि संस्था देणार होत्या. ग्नोम फक्त तो गोळा करून मुलींपर्यंत पोहोचवणारा मधला दुवा होता. उपक्रम झपाट्याने वाढला. विद्यावेतन ठरलेल्या तारखेला द्यावे लागे, प्रायोजकांचे पैसे मात्र उशिरा येत. मधल्या काळात ग्नोम आपल्या शिल्लकीतून उचल देत राहिले. बिले पाठवायला, थकबाकीचा पाठपुरावा करायला पुरेशी माणसे नव्हती. ताळेबंदात 'येणे' भरपूर, तिजोरीत रोकड थोडी.

आपल्याकडच्या कोणत्याही किराणा दुकानदाराला ही अवस्था समजावून सांगावी लागणार नाही. उधारीची वही भरलेली आणि गल्ला रिकामा.

त्या मुलींचे विद्यावेतन दिले गेले, थकलेले पैसे येऊ लागले, आणि त्याच वर्षी खर्चावरची बंदी उठली. पुढच्या वर्षी तो उपक्रम 'आउटरीची' या नावाने सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या दुसऱ्या संस्थेकडे गेला, जिचे कामच असे हिशेब सांभाळणे आहे.

म्हणून ग्नोमची चूक नव्हती असे मी म्हणणार नाही. दुसऱ्यांच्या पैशाचा दुवा व्हायचे तर आधी पैसा, मग वाटप, हा साधा नियम; तो मोडला गेला आणि मंडळाच्या लक्षात यायला उशीर झाला. पण तो का मोडला गेला हे पाहा. ग्नोमच्या कार्यकारी संचालक २०१४ च्या वसंतात पद सोडून गेल्या. त्यानंतर ते पद भरले गेले ते २०१७ साली. जवळजवळ तीन वर्षे मुख्य प्रशासकाची खुर्ची रिकामी ठेवणारी संस्था मधल्या रकान्यात नक्कीच काटकसरी दिसते.

तिसरी घटना लहान आहे आणि ती फारशी कोणाला आठवतही नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या योर्बा या छोट्या संस्थेने शॉटवेल हे छायाचित्रे लावून ठेवणारे आणि गीअरी हे ईमेलचे, अशी दोन मुक्त सॉफ्टवेअर बनवली. डिसेंबर २००९ मध्ये तिने ५०१(सी)(३)साठी अर्ज केला. उत्तर आले मे २०१४ मध्ये : नामंजूर. जवळजवळ साडेचार वर्षांनी.

प्राप्तिकर खात्याचा युक्तिवाद विलक्षण होता. हे सॉफ्टवेअर कोणीही, कोणत्याही हेतूने वापरू शकतो. ते केवळ गरजूंपर्यंत पोहोचेल अशी काही व्यवस्था नाही. म्हणून हे धर्मादाय कार्य नव्हे. म्हणजे जी गोष्ट मुक्त सॉफ्टवेअरची व्याख्याच आहे, तीच अपात्रतेचे कारण ठरली. सार्वजनिक पाणपोई श्रीमंतालाही पाणी देते म्हणून ती धर्मादाय नाही, असे म्हणण्यासारखेच हे. त्या खात्याच्या अंतर्गत यादीत 'ओपन सोर्स' हा शब्द संशयाने पाहण्याच्या अर्जांत घातलेला होता, हे २०१३ मध्ये बाहेर आलेल्या कागदांतून दिसले होते.

योर्बाने मधल्या काळात, २०१३ साली, गीअरीसाठी लोकांकडे एक लाख डॉलर मागितले. निम्म्याच्या आसपास रक्कम जमली, आणि पूर्ण रक्कम न जमल्यास काहीच मिळणार नाही अशी अट असल्याने हाती शून्य आले. पुढे संस्था बंद झाली आणि तिच्या संहितेचे हक्कही कॉन्झर्व्हन्सीकडे गेले.

या तीन प्रकरणांत अपहार कुठेच नाही. एकीकडे माणूस नव्हता, दुसरीकडे वसुली करणारा कारकून नव्हता, तिसरीकडे कायद्याची मान्यता नव्हती. यांतल्या कोणत्याही गोष्टीसाठी पैसे द्या असे आवाहन करून पाहा, किती जमतात ते.

हाच धडा आणखी कोरड्या रूपात हवा असेल तर एक्स डॉट ऑर्गचे उदाहरण आहे. युनिक्स आणि लिनक्सच्या पडद्यावर खिडक्या दाखवण्याचे काम दशकानुदशके ज्या प्रणालीने केले, तिची ही संस्था. खटपट करून तिने करमाफी मिळवली, आणि आवश्यक विवरणपत्रे मुदतीत न गेल्याने २०१३ मध्ये ती गमावली. सभासद सगळे जगातले उत्तम प्रोग्रॅमर. सरकारी फॉर्म वेळेवर भरायला त्यांच्यात कोणी नव्हते. शेवटी आपला कारभार दुसऱ्या संस्थेच्या छत्राखाली न्यावा असा ठराव आला. २०१५ साली पुरेसे सभासद मतदानालाच न आल्याने तो पडला, आणि २०१६ मध्ये मंजूर झाला.

ती छत्र धरणारी संस्था म्हणजे सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट. हिच्यावर थोडे थांबायला हवे, कारण माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणी कल्पना इथे आहे. १९९३ साली सुरू झालेला डेबियन हा लिनक्सचा एक मोठा प्रकल्प. हजारांहून अधिक स्वयंसेवक, जगभर पसरलेले; कायद्याच्या नजरेत मात्र डेबियन नावाची कोणी व्यक्तीच नाही. ती बँकेत खाते उघडू शकत नाही, देणगीची पावती देऊ शकत नाही. म्हणून १९९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यात ही वेगळी संस्था नोंदवली गेली. पैसा आणि मालमत्ता हिच्या नावावर. तो कशावर खर्च करायचा हे मात्र डेबियनचा निवडून आलेला प्रकल्पप्रमुख ठरवतो.

हळूहळू इतर प्रकल्प याच छत्राखाली आले : पोस्टग्रेएसक्यूएल, आर्च लिनक्स, एफएफएमपेग. प्रत्येकाची खतावणी वेगळी. डेबियनसाठी आलेला डॉलर पोस्टग्रेएसक्यूएलच्या खात्यावर चढत नाही. या सगळ्याच्या बदल्यात ही संस्था देणगीतले पाच टक्के ठेवून घेते. कॉन्झर्व्हन्सी हेच काम अधिक व्यापक प्रमाणात करते आणि प्रकल्पाच्या उत्पन्नातले दहा टक्के घेते.

'मी डेबियनला शंभर दिले, मग पाच कोणी खाल्ले?' असा प्रश्न तरुण देणगीदार विचारताना मी वाचला आहे. त्याला उत्तर असे : ते पाच एक्स डॉट ऑर्गकडे नव्हते. त्या पाचांतून बँकेचे शुल्क, विमा, वकील, विवरणपत्र आणि खातेवही येते. माझ्या दृष्टीने शंभरातले सर्वांत उपयोगी पाच तेच.

एक गंमत सांगते. २०१३ च्या सुमारास कॉन्झर्व्हन्सीच्या लक्षात आले की ना-नफा संस्थांचे असे गुंतागुंतीचे हिशेब ठेवायला चांगले मुक्त सॉफ्टवेअरच नाही. जगाला फुकट सॉफ्टवेअर देणाऱ्या अनेक संस्था आपला जमाखर्च मात्र विकतच्या, बंद सॉफ्टवेअरमध्ये लिहीत होत्या. त्यावर उपाय शोधण्यासाठी तिने ७५,००० डॉलरचे आवाहन केले. ते ग्रुपॉनच्या लढाईसारखे एका दिवसात पेटले नाही, हे सांगायला नकोच.

आतापर्यंत मी संस्थांची बाजू घेतली. आता जिथे दोष संस्थेचा आहे तिथे येते.

१६ डिसेंबर २००४ रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये फायरफॉक्स ब्राउझरची दोन पानी जाहिरात आली. तिच्यात सुमारे दहा हजार देणगीदारांची नावे बारीक अक्षरांत छापली होती. त्या वेळी फायरफॉक्स बनवत होते मोझिला फाउंडेशन, २००३ मध्ये स्थापन झालेली ना-नफा संस्था. देणगीदार, संस्था आणि ब्राउझर यांच्यात तेव्हा सरळ रेषा होती.

ऑगस्ट २००५ मध्ये मोझिला कॉर्पोरेशन ही करपात्र कंपनी निघाली. मालकी फाउंडेशनची, पण ब्राउझरचे काम कंपनीकडे. तिचे उत्पन्न मुख्यत्वे शोधयंत्रांच्या कराराचे, त्यातही मोठा वाटा गूगलचा. करकायद्याच्या दृष्टीने ही विभागणी समजण्यासारखी आहे. पण तिचा एक परिणाम असा की, मोझिला फाउंडेशनला दिलेली देणगी फायरफॉक्सच्या प्रोग्रॅमरच्या पगारात जात नाही. ती फाउंडेशनच्या जनजागृती, शिष्यवृत्त्या, धोरणविषयक मोहिमा अशा कामांना जाते. संस्था हे लपवत नाही; दोघींचे लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी प्रसिद्ध होतात. तरीही 'मी फायरफॉक्ससाठी दिले' असे समजणारे देणगीदार आजही पुष्कळ भेटतात. नाव तेच राहिले, नात्याचा अर्थ बदलला. शब्दाचा अर्थ काळानुसार बदलतो आणि वाचक जुन्याच अर्थाने वाचतो, हे आपल्याला सनदांच्या वाचनात रोज भेटते. फरक एवढाच की इथे शब्द वापरणारी संस्था जिवंत आहे आणि आवाहनातच एक ठसठशीत ओळ घालून गैरसमज दूर करू शकते.

आणि हे जमते, याचा पुरावा त्याच घरात आहे. थंडरबर्ड हे मोझिलाचे ईमेल सॉफ्टवेअर २०२० पासून फाउंडेशनच्याच मालकीच्या पण वेगळ्या कंपनीत आहे आणि जवळजवळ पूर्णपणे वापरकर्त्यांच्या पैशावर चालते. २०२२ साली त्याला सुमारे ६४ लाख डॉलर मिळाले. त्याचा वार्षिक वृत्तांत साध्या भाषेत सांगतो की किती आले, किती गेले, आणि गेले त्यांतला मोठा भाग माणसांच्या पगारांवर गेला. पगार हा शब्द तिथे दबक्या आवाजात येत नाही. पैसे मागताना जे सांगितले आणि हिशेब देताना जे दाखवले, त्यांत अंतर नाही. मला आदर्श विचाराल तर हा.

एक आक्षेप उरतो आणि तो योग्य आहे : व्यवस्थापनाच्या नावाखाली अधिकाऱ्यांचे पगार फुगले तर? फुगू शकतात, आणि मोठ्या संस्थांबाबत ही तक्रार नेहमीच निराधार नसते. पण म्हणूनच टक्केवारी निरुपयोगी आहे. दहा टक्क्यांत एक गलेलठ्ठ पगार मावतो आणि तीस टक्क्यांत तीन प्रामाणिक कारकून मावतात. टक्का दोघांत फरक करत नाही. वेतनाची नावानिशी नोंद करते. ती वाचावी लागते.

तेव्हा विवरणपत्र उघडलेच तर एकच वर्ष पाहू नका. लागोपाठ तीन वर्षे शेजारी ठेवा. शिल्लक वाढते आहे की आटते आहे? विशिष्ट कामासाठी आलेला पैसा आणि मोकळा पैसा वेगळे दाखवले आहेत का? 'येणे' फुगत चालले आहे का? ग्नोमची अडचण याच प्रश्नाने ओळखता येते. आणि सर्वांत आधी : हे काम प्रत्यक्ष करणारा माणूस या हिशेबात कुठे दिसतो का? ओपनएसएसएलच्या बाबतीत तो जवळजवळ दिसतच नव्हता.

आपल्यासाठी एक व्यावहारिक गोष्ट. अमेरिकेतल्या ५०१(सी)(३) संस्थेला भारतातून दिलेल्या देणगीवर ८०जीची सवलत मिळत नाही. ती भारतात मान्यता असलेल्या संस्थांपुरती आहे. पाचशे रुपये पाठवायचे असतील तर सवलतीचा विचार सोडून पाठवा, आणि शक्य असेल तिथे 'अमुक कामासाठीच' असा शिक्का न मारता पाठवा. शिक्का मारलेला पैसा विवरणपत्र भरत नाही.

सविस्तर फॉर्म ९९० भरणाऱ्या संस्थेने गेल्या तीन वर्षांची विवरणपत्रे मागणाऱ्याला दाखवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि बहुतेक संस्था ती आपल्या संकेतस्थळावर ठेवतातच. तुम्ही रोज वापरता असे एक सॉफ्टवेअर निवडा, त्यामागची संस्था शोधा आणि तिचा खर्चाचा तक्ता वाचा. एखादी नोंद कोड्यात टाकणारी सापडली तर तिचे नाव आणि वर्ष खाली लिहा. पुढच्या थ्रेडमध्ये त्यांतल्या दोन-तीन घेऊन आपण ओळीओळीने वाचू.